परवान्याचं पीक

आजीच्या वडिलांकडे गांजा लावायचा सरकारी परवाना होता. आमच्या घरात ही गोष्ट कुणी कधी दबक्या आवाजात सांगितली नाही. ज्वारी निवडता निवडता आजी ती सहज सांगायची. समोर परकं माणूस असलं तरी तिला काही वाटायचं नाही.

आजी म्हणजे आईची आई. तिचं माहेर भीमेपलीकडे, कर्जत तालुक्यात, सिद्धटेकच्या बाजूला. तेव्हाच्या मुंबई इलाख्यात गांजाची शेती चालायची त्या जिल्ह्यांत नगर ठळक होता. तिच्या सांगण्यातून ते शेत माझ्या डोळ्यांपुढे उभं राहायचं. पावसाळा सरत आला की शेतात रोज सकाळी एक जाणता माणूस फेरी मारायचा. त्याचं काम एकच, नर झाड ओळखायचं आणि मुळासकट उपटून बांधावर टाकायचं. एखादं जरी नजरेतून सुटलं तरी आसपासच्या माद्या बी धरायच्या आणि मालाचा भाव पडायचा. काढणी झाली की शेंडे दोन दिवस उन्हात, मग खळ्यावर ढीग, आणि त्या ढिगावर गडीमाणसं उभी राहून तो पायांनी तुडवायची. पायाला काळा चीक चिकटायचा. नुसत्या पाण्यानं तो जायचा नाही, आधी तेल चोळायचं आणि मग राखेनं घासायचं. आजीची आई गड्यांसाठी तेलाची वाटी आणि राखेची पाटी खळ्याच्या कडेला आठवणीनं ठेवायची. तुडवलेला माल मक्तेदारालाच घालायचा. गाडी हलवायची तर पास लागायचा, आणि वजनात फरक निघाला तर जाब द्यावा लागायचा.

मी एकदा विचारलं, "मग तुमच्या घरात ओढायचे का गं सगळे?" आजी चिडलीच. म्हणाली, "पीक होतं ते. माझ्या थोरल्या भावाच्या हातात चिलीम दिसली तेव्हा बापानं त्याला आठ दिवस घरात घेतलं नव्हतं."

पीक एका बाजूला, व्यसन दुसऱ्या बाजूला, आणि मधे परवाना. ही व्यवस्था काही आजीच्या वडिलांनी शोधलेली नव्हती. भांग, गांजा आणि चरस यांच्यावर बंदी घालावी का, हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटात निघाला म्हणून १८९३ मध्ये सरकारनं एक आयोग नेमला. इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. आयोगात तीन हिंदी सदस्यही होते. मुलूखभर फिरून आयोगानं ११९३ साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये सात खंडांचा, तीन हजारांवर पानांचा अहवाल दिला. माफक सेवनानं शरीराचं, मनाचं वा नीतीचं म्हणावं असं नुकसान होत नाही, अतिरेकानं मात्र होतं, आणि सरसकट बंदी घालण्याची गरज नाही, हा त्याचा निष्कर्ष. कर लावा, लागवडीवर आणि विक्रीवर नजर ठेवा, एवढंच त्यांनी सुचवलं.

त्या अहवालातला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. गांजानं वेड लागतं या समजाचा आधार होता वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्या. आयोगानं त्या नोंदींमागची एकेक केस तपासली. अनेक ठिकाणी असं निघालं की रोग्याबरोबर आलेल्या कागदावर कुणीतरी कारण म्हणून 'गांजा' लिहिलं होतं, आणि तेच पुढे वहीत उतरलं होतं. कुणी घरच्यांना विचारलं नव्हतं, कुणी रोग्याचं पूर्वायुष्य पाहिलं नव्हतं. कारणाचा रकाना भरायचा होता, तो भरला गेला. सव्वाशे वर्षांपूर्वी एवढ्या बारकाईनं झालेलं काम आपल्याच देशाविषयीचं आहे, आणि आज या विषयावर तावातावानं बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझं माहेर बारामती तालुक्यातलं, पण बारामती म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे जे हिरवं चित्र येतं त्यातलं नव्हे. सुपे-मोरगावकडचा आमचा जिरायती पट्टा. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला तो तालुक्याच्या दक्षिण अंगानं गेला. १८७६-७७ च्या दुष्काळानं हा सगळा मुलूख होरपळून निघाल्यावर तो कालवा आला, आणि ज्यांच्या शेताला पाणी लागलं त्यांचं नशीब पालटलं. आमच्याकडे मात्र बाजरी, मटकी, हुलगा, आणि बाजरीच्या कडेनं अंबाडी. उन्हाळ्यात टँकर.

आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, ते अंबाडीबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. पाला भाजीला जायचा, बी गुरांना, पण खरा उपयोग सालीचा. अंबाडी कापून जुड्या बांधायच्या आणि ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या. आठ-दहा दिवसांत साल सुटायला लागायची. त्या डोहाचा वास गावाच्या वेशीपर्यंत यायचा आणि बायका धुणं घेऊन वरच्या अंगाला जायच्या. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून साल सोलायची, आपटून धुवायची, वाळवायची. पुढचं काम मातंग वस्तीत. तिथले एक म्हातारबाबा तात्यांचे मित्र होते. मोटेचा नाडा त्यांनी वळलेला असला की विहिरीवर काळजी नसायची. नाडा तुटला तर भरलेली मोट खाली आणि बैल तोंडावर, म्हणून तो वळणाऱ्या माणसाचा गावात मान. कासरा, दावं, चऱ्हाट, सोंदूर, सगळं त्या घरातून यायचं आणि सुगीला बलुतं त्या घरी जायचं. इंजिनं आली, मोटा थांबल्या. नंतर नायलॉनची दोरी आली आणि दावंसुद्धा बाजारातून यायला लागलं. म्हातारबाबांची मुलं आधी ऊसतोडीला गेली आणि नंतर पुण्याला. त्यांच्या हातातलं कसब घ्यायला गावात कुणी उरलं नाही.

अंबाडी, ताग ही काही भांगेची, म्हणजे गांजाच्याच झाडाची, भावंडं नव्हेत. पण कुजवायचं, सोलायचं, वळायचं, हे काम तिन्हींचं एकाच जातीचं. म्हणूनच मला वाटतं, धाग्याचं पीक हे आमच्या जिरायती भागाला परकं नाही. जगात आज भांगेच्या धाग्यापासून कापड, दोर, कागद होतो, खोडाच्या आतल्या भुशात चुना कालवून भिंतीचे ठोकळे होतात. हे ऐकून कुणाला नवल वाटेल, तर त्यानं वेरूळला जावं. पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंग आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या लेण्यांतला मातीचा गिलावा तपासला, तेव्हा त्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडले. २०१६ मध्ये त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही, आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी बरंच नुकसान केलं. वेरूळचा गिलावा मात्र त्या मानानं टिकला. महाराष्ट्रातल्या गवंड्यांना हे झाड ठाऊक होतं आणि त्यांनी ते नशेसाठी वापरलं नव्हतं.

औषधालाही ते होतं. मोरगावकडे एक वैद्य होते. पोटाच्या तक्रारीवर ते जातीफलादि चूर्ण द्यायचे, आणि त्यात भांग असते हे माझ्या चुलत्यांना पक्कं माहीत होतं. आयुर्वेदात तिचं नाव विजया. आजही भांग घातलेलं औषध कायद्यानं बनतं आणि वैद्याच्या देखरेखीखाली घेता येतं. तात्या सांगायचे, बैल गळाठला तर गुळात चिमूटभर भांग घालून गोळा चारायचे. बैलाला किती आणि माणसाला किती, हे ज्याला कळतं त्यानंच हात लावावा, असंही ते बजावायचे. आमच्या घरात माळकरी होते. माळ घातलेल्या माणसाला चिलीम वर्ज्य. तरी एकादशीच्या वाटेवर एखादा गोसावी ओसरीवर टेकला आणि त्यानं चिलीम काढली, तर आजोबा त्याला हाकलत नसत. मुलांना तेवढं आत पाठवायचे.

लग्न होऊन मी इंदापुरात आले ती थेट उसात. सासऱ्यांना, अण्णांना, आयुष्यभर दोनच गोष्टींची काळजी होती. पाण्याची पाळी आणि कारखान्याची तोड. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा, मग तोड मिळेपर्यंत जिवाला घोर, मग बिलाची वाट. १९८० मध्ये उजनीचं धरण पुरं झालं. भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं, आणि पाणी उचलणाऱ्या पाइपलाइनी चहूकडे पसरल्या. तरीही याच तालुक्यातली २२ गावं शेतीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडत राहिली आहेत. पाणी आलं तिथे ऊस आला, आणि ऊस आला तिथे दुसऱ्याला पाणी उरलं नाही. अण्णा स्वतः ऊसवाले असून हे उघड बोलायचे.

उसाची आणखी एक गोष्ट ते बोलायचे. साखर झाल्यावर उरते ती मळी. मळीचं मद्यार्क होतं, मद्यार्काची देशी दारू होते, आणि दारूवरचा कर सरकारी तिजोरीत जातो. आमच्या भागात दारूनं बुडालेली घरं मी मोजली नाहीत, मोजवणार नाहीत. त्या दारूला परवाना आहे, दुकान आहे, बाटलीवर शिक्का आहे. २०२२ च्या जानेवारीत राज्याच्या मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा कारण दिलं फळबाग शेतकऱ्याचं. मी त्या निर्णयावर इथे भांडत नाही. पण मादक वस्तूच्या मागे शेतकरी असतो, त्याचा विचार धोरणात व्हायला हवा, हे तत्त्व एकदा मान्य झालं असेल, तर ते द्राक्षाला लागू आणि भांगेला नाही, याला मला कारण सापडत नाही.

आजीच्या माहेरचा परवाना कधीच गेला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला, त्यात दारूबरोबर गांजा-भांगही आली. मग १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार. भारतानं त्या वेळी आग्रह धरला म्हणून फुलांच्या शेंड्यांशिवायची पानं आणि बी करारातल्या व्याख्येबाहेर राहिली, आणि भांग वाचली. शेवटी १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा. त्या वर्षी १४ नोव्हेंबरला तो लागू झाला. हजारो वर्षं माणसाच्या सोबतीनं राहिलेलं झाड त्या दिवसापासून हेरॉइनच्या पंगतीला बसलं. लागवडीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. झाडं चार की चारशे, त्यानं कलम बदलत नाही. जवळ एक किलोपर्यंत गांजा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेलं की कमीत कमी दहा वर्षं, आणि जामीन जवळपास अशक्य.

आमच्या भागातल्या एका कुटुंबाला हे सोसावं लागलं. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच राहतात. बोअर आटलेली, ऊस अर्धा वाळलेला, मुलीचं लग्न ठरलेलं. कुणीतरी बाहेरच्यानं बी आणून दिलं आणि माल मीच उचलतो म्हणाला. उसाच्या दोन सऱ्यांमधे झाडं लावली. छापा पडला तेव्हा मी तिथे होते, अर्धं गाव होतं. झाडं उपटली ती मुळासकट, मुळांना ओली माती लटकलेली. तशीच तराजूवर चढवली. खोड, पानं, मुळं, माती, सगळ्यांचं मिळून ओलं वजन पंचनाम्यात गेलं आणि आकडा वीस किलोच्या पार झाला. कायद्यानं गांजा म्हणजे फक्त फुलांचे-फळांचे शेंडे. पानं आणि खोडं वजनात धरल्यामुळे आकडा फुगतो, हा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयानं जामिनाच्या अनेक प्रकरणांत उचलून धरला आहे. पण उच्च न्यायालयापर्यंत जायला वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात, आणि त्या घरानं त्यासाठी उरलेली जमीनही विकली. बी आणून देणारा कधी सापडला नाही. ती बाई तारखांना एसटीनं जायची. एकदा ती मला म्हणाली, "वहिनी, दारूचं दुकान टाकलं असतं तर बरं झालं असतं."

२०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे सरळ अर्ज केला. कोणत्याच पिकाला भाव नाही, कारखान्याकडून उसाचे पैसे वेळेवर येत नाहीत, म्हणून दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर १६ पासून लागवड सुरू करतो, असंही त्यात होतं. अर्ज पोलिसांकडे गेला. वर्तमानपत्रांनी तो विनोदासारखा छापला. मला त्यात विनोद दिसला नाही. त्या माणसानं चोरून लावलं नाही, विचारून लावायला निघाला. आजीच्या वडिलांनी जो परवाना घेतला होता, तोच तो मागत होता.

आणि मागायला कायद्यात जागा आहे, हे फार लोकांना माहीत नाही. एनडीपीएसचं कलम १० राज्य सरकारला भांगेच्या लागवडीचे नियम करायचा अधिकार देतं. कलम १४ प्रमाणे फक्त धागा आणि बी यांच्यासाठी लागवडीची मुभा देता येते. उत्तराखंडानं २०१८ मध्ये ते केलं, नशेचं द्रव्य, म्हणजे टीएचसी, ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या झाडाला परवाने दिले. हिमाचलच्या सरकारनं २०२५ च्या आरंभी कृषी विद्यापीठांमार्फत पथदर्शी अभ्यासाला मान्यता दिली. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२१ च्या नोव्हेंबरात भांगेचं बी आणि बियांचं तेल खाद्य म्हणून मान्य केलं. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत या झाडाला सर्वांत घातक यादीतून काढायचं मतदान झालं, त्यात भारतानं काढण्याच्या बाजूनं मत दिलं. तिकडे दिलेलं मत इथल्या तालुक्यात पोचायला किती वर्षं लागणार?

उद्याच सगळ्यांनी ऊस मोडून भांग लावावी असं मी म्हणत नाही. तसं सांगणारा माणूस शेतकऱ्याला फसवतो. भांग दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. युरोपातली धाग्याची वाणं तिथल्या सोळा तासांच्या दिवसांना सरावलेली. बारामतीला उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. ती वाणं इथे पेरली तर उंच व्हायच्या आधीच फुलतील आणि धागा आखूड निघेल. उत्तराखंडातही योग्य बियाण्याची अडचण आलीच. म्हणजे आधी आपल्या अक्षांशाचं, आपल्या उन्हाचं वाण शोधायला हवं. राहुरीचं कृषी विद्यापीठ आहे, बारामतीचं कृषी विज्ञान केंद्र आहे. तीन-चार महिन्यांत निघणारं पीक आमच्या जिरायती रानात कसं येतं, ऊस आणि बाजरी यांच्या मधली जागा ते भरतं का, डोहाऐवजी कशात कुजवायचं, हे कुंपणाच्या आत, पोलिसांना कळवून, चार हंगाम तपासून बघावं. धागा आणि तेल काढायची सोय सहकारी असावी. बंगालात नौगावला गांजा लावणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९१७ मध्येच उभी राहिली होती. सहकारावर वाढलेल्या आपल्या तालुक्यांना हे अवघड नाही.

गांजाचा प्रश्न धाग्याहून कठीण आहे, आणि तो मी टाळणार नाही. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्या मुलाचं डोकं बिघडू शकतं, ज्याच्या घराण्यात मानसिक आजार आहे त्याला धोका जास्त. मला नातवंडं आहेत. पण आज ती पुडी विकणारा माणूस माझ्या नातवाचं वय विचारत नाही, तिच्यात काय मिसळलंय ते सांगत नाही, आणि त्याच पिशवीतून त्याहून वाईट काही काढून दाखवतो. एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीत, २०१९ मध्ये, देशात ३ कोटी १० लाख लोक वर्षभरात भांग, गांजा वा चरस घेतात असं दिसलं. एवढ्या माणसांना तुरुंगात घालता येत नाही, घालूही नये. कडक दारूला महाराष्ट्रात २५ वर्षांची अट आहे, ती इथे लावा. दुकान सरकारी नजरेखाली ठेवा, जाहिरात बंद ठेवा, कराचा ठरावीक हिस्सा तालुक्याच्या व्यसनमुक्ती केंद्राला द्या. आमच्या इकडे व्यसनमुक्तीसाठी आजही घरच्यांना पुण्याची वाट धरावी लागते.

तोपर्यंत निदान एक गोष्ट विलंब न लावता व्हावी. दोन सऱ्या लावणारा शेतकरी आणि ट्रक भरून माल नेणारा टोळीवाला यांना एकाच कलमात तोलू नका, आणि ओल्या मातीचं वजन माणसाच्या शिक्षेत धरू नका. बारामतीच्या आणि इंदापूरच्या लोकप्रतिनिधींनी विधानसभेत कलम १० खालच्या नियमांचा प्रश्न विचारावा. आणि वाचणाऱ्यांनो, तुमच्या पुढच्या ग्रामसभेत धाग्याच्या भांगेच्या चाचणी लागवडीचा ठराव मांडा. मी आमच्या गावात मांडणार आहे.